नदीखालचे काका

आमच्या घरमालक काकांइतका न दिसणाऱ्या वस्तूवर जीव लावणारा माणूस अख्ख्या कॅनडात सापडायचा नाही. ही वस्तू म्हणजे सार्नियाहून नदीच्या तळाखालून अमेरिकेत जाणारा जुना रेल्वे बोगदा. काका नागपूरचे, रिटायर्ड इंजिनिअर. मी इथल्या, म्हणजे ऑन्टारिओतल्या लंडनला, त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायची. पाहुणे नायगारा बघायला आले की काका त्यांना आधी सार्नियाला नेत आणि काठावर उभं करून पाण्याकडे बोट दाखवत. ‘इथे तर काहीच दिसत नाही,’ असं कुणी म्हटलं की खूश! ‘दिसला असता तर बुडाला नसता का?’ एका सत्यनारायणाला तर त्यांनी बूड कापलेला डबा शिऱ्यात आडवा खुपसला. ‘असं लोखंडी नळकांडं पुढे रेटायचं, आतला गाळ काढायचा, मागे बिडाची कडी बसवत यायचं...’ काकू ओरडल्या, ‘अहो, प्रसाद आहे तो!’ गुरुजी मात्र पुढे सरकले, ‘मग पाणी आत कसं नाही शिरलं?’ काकांनी दाबलेल्या हवेचं सगळं सांगेपर्यंत आरती तासभर लांबली.

मी नववीत शाळा सोडलेली. हॉस्पिटलच्या किचनमधली माझी नोकरी पक्की व्हायची तर इथल्या बारावीच्या तोडीची परीक्षा हवी होती, म्हणून फॉर्म भरला. काकांनी महिनाभर रोज गणित शिकवलं. परीक्षेच्या सकाळी म्हणाले, ‘बस कशाला? मी सोडतो.’ गाडीत मी सूत्रं पुटपुटत होते, काका वाफेच्या इंजिनांच्या धुराने बोगद्यात माणसं कशी गुदमरायची, मग विजेची इंजिनं कशी आणली, यात रंगलेले. मान वर केली तर हायवेवर पाटी : सार्निया.

‘काका! परीक्षा लंडनमध्येच आहे!’

‘अरे देवा! गाडीला सवय झालीय गं.’

गाडी वळवून पोचलो तेव्हा परीक्षेच्या हॉलचं दार लागत होतं. काका दारावरच्या बाईंपुढे हात जोडून उभे, ‘माय मिस्टेक, मॅडम, नॉट हर्स!’ बाईंनी मला आत घेतलं.

तीन तासांनी बाहेर आले, तर काका गाडीतच बसून. निघालो, पण बोगद्याचं अवाक्षर नाही. ‘पेपर बुडाला असता तर तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं मी?’ एवढंच म्हणाले. पुढे मी पास झाले. पण त्या दिवशी मला ती शांतता सोसेना. म्हटलं, ‘काका, दोन्ही काठांकडून खणत आले, तर मधोमध बरोब्बर भेटले कसे हो?’

काकांनी गाडी कडेला घेतली, चष्मा पुसला. ‘वेळ आहे ना तुला?’

नव्हता, दुपारची ड्यूटी होती. मी म्हटलं, ‘आहे की.’