सत्तारभाईंचा कप

बारा जानेवारी. पोटफुगीनं मेलेली शेळी नाल्यात टाकायची म्हणून पोत्यात भरत होते, तेवढ्यात सत्तारभाईंच्या मुलीचा फोन आला. "काकू, अब्बा गेले." मी नुसतं "बरं" म्हटलं, पोतं गोठ्यात बंद केलं आणि निघाले. त्याला आता पाच आठवडे झाले.

सत्तारभाई आमचे शेतशेजारी. गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करण्यात उभी हयात गेली. मागच्या हिवाळ्यात तुरीच्या धुऱ्यावर, बांधाला, एक लोमडी दिसू लागली. शेपटी दोरीसारखी उघडी, डोळ्यांभोवती खपल्या. मी काठी उचलली, तर सत्तारभाई पलीकडून ओरडले, "मारू नका बाई, खरूज हाय तिले. खाजवू खाजवू झोप नाही बिचारीले."

"मंग करा दवाखान्यात भरती!"

"केली असती. आधारकार्ड नाही न तिच्यापाशी."

डॉक्टरांना विचारून ते उकडलेल्या अंड्यात गोळी घालून धुऱ्यावर ठेवायचे आणि ती खाईपर्यंत लांब बसून राहायचे. मला माझ्या शेळ्यांची काळजी. ते चहाला आले की मी त्यांना टवका उडालेला एक कप देऊ लागले आणि तो गोठ्याच्या खिडकीत वेगळा ठेवू लागले.

"हा कप माहाच काय आता?" त्यांनी हसत विचारलं.

"हो," म्हटलं. खरजेच्या भीतीनं, हे काही सांगितलं नाही. आमच्या घरी चहा घेणारे मुसलमान ते एकटेच. त्यांनी काय समजून घेतलं असेल… पण येणं सोडलं नाही. उन्हाळ्यापर्यंत लोमडीच्या शेपटीवर केस आले. कप मात्र खिडकीतच राहिला.

त्या दिवशी त्यांच्या घरी मुलगी रडता रडता बोलून गेली, "लोमडीनं तुमची खरजेची शेळी नाल्यात खाल्ली न काकू, तिथूनच लागली असन तिले, असं अब्बा म्हणत. पण तुम्हाले सांगू नको म्हणे. काकूले लाज वाटन."

बाजारातून आणलेली ती शेळी खरजेनं मेली, तेव्हा लोमडी दिसायच्या आधी मीच नाल्यात टाकली होती. आमच्याकडे सगळेच टाकतात. म्हणजे रोग माझ्या गोठ्यातला, आणि वेगळा कप त्यांना. हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्याच कपातून ते वर्षभर चहा प्यायले…

दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ घेतली. कमरेइतका खड्डा खणून पोत्यातली शेळी पुरली, वर चुना टाकला. हात धुतले. मग खिडकीतला कप काढला आणि माझा चहा त्यात ओतला.