कुर्डुवाडीला चुकलेली गाडी

इरा, नील —

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या बाबाला नाही, आजोबांनाही नाही. ते तर मला धीट समजूनच गेले. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, शेकडो मुलींच्या निबंधांतली वाक्यं सरळ केली — आणि स्वतःचं हे एक वाक्य काही सरळ लिहिता येत नाही. म्हणून जरा वळसा घेऊन येते. चालेल ना?

इराच्या प्रवासापासूनच सुरुवात करते. दहावीची परीक्षा संपली की भोपाळहून धाराशिवला माझ्याकडं यायचं, आणि पहिल्यांदाच एकटीनं, असं तिनंच ठरवलं. दौंडला गाडी बदलायची, कुर्डुवाडीला पुन्हा बदलायची. बेत आखायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. पाणी कुठं भरायचं, डबा कधी उघडायचा, पिशवी पायाशी कशी अडकवायची, फोन बंद पडला तर कुणाकुणाचे नंबर तोंडपाठ हवेत — सगळं मी फोनवर तिच्याकडून घोकून घेत होते. मागून नील विचारत होता, "ताई हरवली तर तिचं टेबल मला मिळणार का?"

आणि परवा इराचा फोन आला. "आजी, मी नाही येत एकटी. बाबाला सुट्टी मिळेल तेव्हा येईन."

का गं?

"तुझी एकही गाडी चुकली नव्हती. माझी चुकली तर? मला नाही जमणार तुझ्यासारखं."

तुझ्यासारखं.

ती गोष्ट तुम्हाला पाठ आहे. आम्ही तेव्हा येडशीला राहायचो, वडील तिथल्या शाळेत मास्तर. आई पुण्याला मामाकडं, आजारी आजीच्या सेवेला गेलेली. तिला हाताखाली कुणीतरी हवं होतं आणि वडिलांना रजा नव्हती. मग सोळा वर्षांची मी एकटीच निघाले. येडशीहून छोट्या रुळांची गाडी, कुर्डुवाडीला उतरून मोठी गाडी, आणि थेट पुण्याला मामासमोर हजर. कुठं अडले नाही, कुठं चुकले नाही. आणि माझी धाकटी बहीण मालू? ती पोटात दुखतंय म्हणून येडशीच्या फलाटावर रडत बसली होती. इथं तुम्ही दरवेळी हसता.

पोटात दुखतंय म्हणून रडणारी मी होते.

लिहिलं एकदाचं.

गाडी आली. वडिलांनी मला पुढं केलं. एक पाय पायरीवर ठेवला आणि दुसरा काही उचलेना. आत सगळे अनोळखी चेहरे, आणि पुढं कुठंतरी कुर्डुवाडी — तिथं मला कोण ओळखणार होतं? मी पोट धरून खाली बसले. मालू चौदा वर्षांची, मला पोचवायला आली होती, पायात घरातल्याच चपला. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली, "मी जाते" म्हणाली आणि चढली. तिकिटावर तेव्हा नाव नसायचं.

महिन्याभरानं ती परत आली तेव्हा गल्लीभर तिचं कौतुक. मी पाणी आणायचं निमित्त करून बाहेर पडले. कशी गेलीस, काय झालं — एका शब्दानं विचारलं नाही. तेव्हाही नाही, पुढंही नाही.

मग हे उलटं कसं झालं? तुमचा बाबा अकरावीला पुण्याला निघाला तेव्हा रडवेला झाला होता. त्याला धीर द्यायला माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, मी तर तुझ्याएवढी असताना एकटी गेले होते." तो गेला. तिथंच थांबता आलं असतं. थांबले का? सांगता सांगता ती गोष्ट मला आवडायला लागली. आणि आपलं धाडस उठून दिसायला शेजारी कुणीतरी भित्रं लागतं — तिथं मी मालूला बसवलं.

नीलच्या बारशात मी हीच गोष्ट पाहुण्यांना सांगत होते. मालू ईटहून आलेली. ती लग्न होऊन त्या गावी गेली, शेतीच्या कामाला लागली आणि त्यानंतर एकटीनं लांब कुठं गेलीच नाही. कोपऱ्यात बसून पाळण्यासाठी फुलं ओवत होती. ती ऐकतेय हे मला उशिरा दिसलं, आणि माझी जीभ अडखळली. तर मान वर न करता ती म्हणाली, "आन अक्का, कुर्डुवाडीला त्या बाईनं बोरं दिली हुती की. ती सांग ना."

सगळे हसले. मीही "हो, हो" म्हणाले. तेव्हापासून माझ्या गोष्टीत बोरं आली. ती मला सांभाळून घेत होती, की आठवण करून देत होती? मला आजही कळलेलं नाही. आणि तेवढ्यात, इरा, तू — इवलीशी होतीस — तिच्या मांडीवर बसून विचारलंस, "मालूआजी, तू अजून घाबरतेस गाडीला?"

"व्हय बाई," ती म्हणाली. "लई."

हे मी ऐकलं. आणि पाहुण्यांना चहा विचारायला निघून गेले.

परवा तुझा फोन ठेवल्यावर मी मालूला फोन लावला. विचारलं, "मालू, त्या दिवशी काय झालं होतं गं?"

कुठल्या दिवशी, असं तिनं विचारलं नाही. म्हणाली, "लई उशीर केलास अक्का." आणि मग हसायलाच लागली. "अगं, चुकली की माझी गाडी! आमची छोटी गाडी उशिरा पोचली आन पुण्याची डोळ्यादेखत निघून गेली. बाकावर बसून पोटभर रडले. मग भूक लागली, दशम्या खाल्ल्या. शेजारी एक म्हातारी बाई हुती, तिनं बोरं दिली आन म्हणाली, रडून गाडी येत न्हाय, पर येती. दुसरी आली, तीत बसले. मामा तिकडं स्टेशनावर येरझाऱ्या घालून अर्धा झाला हुता."

इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगितली आणि तिच्यात गाडी कधीच चुकली नाही. चुकणार कशी? मी त्या गाडीत बसलेच नव्हते. इरा, तू ज्या आजीशी स्वतःला ताडून पाहत होतीस, ती कधी येडशीच्या फलाटावरून निघालीच नाही. जी निघाली, तिची गाडी चुकली, ती रडली, जेवली आणि पोचली.

सोळाव्या वर्षी मी घाबरून परत फिरले, त्याचं आता मला फारसं काही वाटत नाही. पण मालूचा प्रवास मी घेतला आणि माझी भीती तिच्या नावावर टाकली — ते मी चांगली कळती, पिकल्या केसांची असताना केलं. पुन्हा पुन्हा केलं.

मुलांना खरं सांगणार आहे, असं मी मालूला म्हटलं. तर म्हणाली, "सांग की. पर बोरं त्या बाईनं दिली हुती, मी मागितली न्हवती, ते नीट लिही. आन पोरीला म्हणावं, गाडी चुकली तर आधी खाऊन घे. उपाशीपोटी काय सुचत न्हाय."

तर बेतात एवढीच भर घातली आहे. दौंड, कुर्डुवाडी, बाकी सारं ठरलं तसंच आहे. यायचं की नाही, एकटीनं की बाबाबरोबर, ते तुझं तू ठरव.

मालू आदल्या दिवशीच ईटहून एसटीनं येणार आहे. धाराशिवच्या फलाटावर आम्ही दोघी असू — ती पुढं, मी तिच्या मागं. तुझी गाडी चुकली, तर पुढची येईपर्यंत तिथंच बाकावर बसून राहू. मालू बोरं आणणार होती. उन्हाळ्यात कुठली बोरं, म्हटलं. तर तिच्याकडं वाळवलेली आहेत.