धावड्याचा डिंक

जव्हारला आमच्या घरी पियानो होता असं मी सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे आणि मग माझ्या नऊवारीकडे बघतो. बघू दे. पियानो होता. हे संस्थानच्या जंगलखात्यात नोकरीला होते. मोखाड्याकडचं जंगल तपासून परत येताना एका लाकडाच्या ठेकेदार साहेबाचं सामान विकायला निघालेलं यांनी पाहिलं, त्यात तो होता. मी नाशकाला मिशनच्या शाळेत असताना मडमेकडून वाजवायला शिकले होते. माझ्या माहेरच्यांनी ही गोष्ट लग्न ठरेपर्यंत झाकून ठेवली आणि मी लग्न झाल्यावर लगेच सांगून टाकली. यांना भलताच आनंद झाला होता. बैलगाडीत पेंढा भरून, वर बाज बांधून पियानो घरी आणला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "एवढं मोठं कपाट, आणि आत कपडे ठेवायला जागा नाही?"

जव्हारच्या पावसाळ्यात काडी पेटत नाही, मीठ वाहून जातं. तिथं पियानोची काय कथा. दोन-तीन पावसाळ्यांत त्याचे सांधे सुटले. मागची मोठी पातळ फळी, जिच्यामुळं तारांचा आवाज घरभर भरतो, ती वाळवीनं खाल्ली. आम्ही तिला नादफळी म्हणायचो. त्याच वर्षी यांना खोकला लागला. जंगलात भिजल्याचा असेल म्हणून काढे झाले, शेक झाले. मग दरबारच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की क्षय आहे, हवा इथली चांगली आहे, बघू. त्यांचं ते 'बघू' मला अजून ऐकू येतं.

सासूबाईंनी देवीला नवस बोलला. आपला मुलगा स्वतःच्या पायांनी देवळाची पायरी चढेपर्यंत आपल्या कुंपणाच्या आत मेल्या जनावराचं काही येणार नाही. मांस-मच्छी आमच्याकडं नव्हतीच, त्यामुळं मला वाटलं, सोपा नवस आहे. सासूबाई सोपं काही बोलत नसत. ओटीवरचं वाघाचं कातडं गेलं. माझ्या वहाणा गेल्या. यांचे जंगलात घालायचे बूट, गुडघ्यापर्यंतचे, ज्यांच्यावर यांचा जीव होता, तेही कुंपणाबाहेर शेजाऱ्यांच्या गाडीच्या छपरात खुंटीला लटकले. मी मनात हसायचे. लोकर चालते, कारण मेंढी जिवंत असते. रेशीम चालतं, कारण किड्याला कुणी विचारत नाही. असले हिशेब करत मी दिवस काढत होते.

आणि यांनी खाटेवर पडल्यापडल्या एकच हट्ट धरला. पियानो दुरुस्त करायचा. "एकदा नीट ऐकू दे," म्हणत. 'एकदा' या शब्दावर मी भांडायचे, म्हणून मग म्हणत, "बरं, रोज ऐकू दे."

दिवाळीनंतर मुंबईहून एक मिस्त्री आला. साहेबलोकांचे पियानो उघडण्यात त्याचा अर्धा जन्म गेला होता आणि उरलेला अर्धा कुरकुर करण्यात. त्यानं आमचा पियानो उघडला, आत नाक घातलं आणि म्हणाला, "ह्याचा मसाला विलायतेहून मागवायला पायजे." हे खाटेवरून म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही जंगलखात्याच्या माणसाच्या घरात उभे आहात."

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. इतक्या वाईट वर्षात चांगले म्हणायला जीभ अडखळते, पण गेले. यांच्या खाटेभोवती लाकडं उभी राहिली. हे उशीला टेकून बसायचे, फळी मांडीवर घ्यायचे, बोटाच्या पेरानं ठोकायचे आणि कान लावायचे. साग त्यांनी पहिल्यांदा बाद केला. म्हणाले, साग दारात शोभतो, गाणं त्याच्या पोटातच राहतं. ऐन फाटतो. तारांच्या खुंट्या जिच्यात घट्ट बसतात त्या जाड फळीसाठी तिवस ठरला, कारण गाडीचा आस ज्याचा करतात तो तारांना काय भीक घालणार. काळ्या पट्ट्यांना टेंभुर्णीच्या पोटातलं काळं लाकूड. हातोड्यांना लागणारा जाड नमदा घोड्यांच्या पागेतून आला, खोगिराखाली घालतात तो, निव्वळ लोकरीचा. सासूबाईंनी तो तीनदा धुतला.

नादफळीला शिवणीचं लाकूड हवं होतं, आणि तेही मुरलेलं. ओली शिवण पुढच्या पावसात वाकली असती. यांच्या हाताखालचा एक रखवालदार सूर्यमाळचा होता. तो एक दिवस खांद्यावर फळ्यांची मोळी घेऊन आला. फळ्या काळ्या पडलेल्या, पण मिस्त्रीनं रंधा मारला तसा आतून सोनेरी रंग निघाला.

"कुठल्या रे?" यांनी विचारलं.

"आमचे माळ्याच्या हायेत, साहेब. चुलीवरच्या. बापानं अंधाऱ्या पाखात तोडलेला झाड. धूर खाल्ला तिनं, किडा लागाचा नाय."

"मग आता माळ्याला काय घातलंस?"

"बांबू घातला. तुमी वाजवा." मग तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "साहेब बरा होयल ना, बाय?"

मी होयल म्हणाले. काय म्हणणार होते?

यांनी ती फळी ठोकली आणि खोलीत खरंच काहीतरी घुमलं. त्या दिवशी यांना ताप आला नाही. मी वेड्यासारखी त्या फळीचे उपकार मानत बसले.

मग मिस्त्रीनं पेटीतून सरसाच्या तपकिरी वड्या काढल्या.

"हे काय?" सासूबाई दारातून म्हणाल्या.

"सरस. लाकूड लाकडाला धरायला."

"कशाचा करतात?"

मिस्त्री खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, पण त्याला कुणाचं मन राखायची सवय नव्हती. "हाडं, कातडी. खूर पण. उकळून उकळून करतात." आणि एवढ्यावर न थांबता त्यानं दाखवून दिलं की जुन्या सांध्यांतही तेच आहे आणि पांढऱ्या पट्ट्यांवर हस्तिदंत आहे. म्हणजे नवस बोलल्यापासून मेलं जनावर माजघराच्या भिंतीला टेकून बसलं होतं आणि आम्ही त्याच्यावर फुलदाणी ठेवत होतो.

सासूबाई रागावल्या नाहीत. घाबरल्या. ते मला जास्त लागलं. त्यांनी त्याच पावली न्हाऊन घेतलं, ओलेत्यानं देवापुढं बसल्या, आणि संध्याकाळपर्यंत पियानोचे तुकडे कुंपणाबाहेर त्या गाडीच्या छपरात गेले. हस्तिदंत उचकटून निघालं. त्याजागी हेदूच्या लाकडाच्या पिवळसर चकत्या बसवायचं ठरलं. प्रत्येक तुकडा गरम पाण्यानं धुऊन, जुना सरस खरवडूनच आत येणार. आणि मिस्त्रीच्या सरसाच्या वड्या छपरातच राहणार.

मिस्त्री गाशा गुंडाळायला निघाला. हे हसले, खोकले, परत हसले. "आईचा नवस माझ्यासाठी आणि पियानोही माझ्यासाठी. दोघांना सांभाळायला नको? मिस्त्री, धावड्याचा डिंक घ्या."

"डिंक लाडवात घाला, साहेब. तारांचा ताण म्हणजे काय चेष्टा आहे?"

पण यांनी ऐकलं नाही. रखवालदारानं जंगलातून धावड्याचा डिंक आणला, काचेसारखा स्वच्छ. मिस्त्रीनं तो नुसता लावून पाहिला, लाख घालून पाहिला, उडदाचं पीठ घालून पाहिला. माजघरात फळ्यांचे तुकडे चिकटवून, वर पाटा-वरवंटा ठेवून आम्ही वाट बघायचो. सासूबाई स्वतः डिंक कुटून द्यायच्या. मुलगा जगावा म्हणून सरस नको आणि मुलाला ऐकता यावं म्हणून डिंक कुटायचा, दोन्ही त्यांनीच केलं. शेवटी लाख आणि डिंकाचं एक मिश्रण बरं ठरलं. मिस्त्री म्हणाला, तारा पूर्ण ओढणार नाही, सैल ठेवीन, आवाज खाली लागेल. हे म्हणाले, लागू दे, मीही खालीच लागलोय.

होळीच्या सुमारास पियानो उभा राहिला. मी वाजवलं. आवाज खरंच खाली होता, घोंगडं पांघरून कुणी गावं तसा, पण होता. हे डोळे मिटून पडले होते आणि त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. पुढं रोज दुपारी मी थोडा वेळ वाजवत असे. त्या दिवसांत यांचा खोकला कमी होता असं मी म्हणायचे, सासूबाई म्हणायच्या, येणारा-जाणाराही म्हणायचा. डॉक्टर म्हणत नसत.

चैत्रात उन्हाळा तापला आणि एक दिवस वाजवता वाजवता आत काहीतरी कडाडलं. माझ्या हाताखालचा आवाज एकदम मेला; पट्टी दाबली की नुसता ठक् असा ठोका. तारांचा जोर नादफळीवर पोचवणारी जी लाकडी पट्टी असते, सतारवाल्यांची घोडी तीच, ती फळीपासून सुटून वर आली होती. सैल तारा पुन्हा पुन्हा लावायला थांबलेला मिस्त्री आत डोकावला. "डिंकाचं काम संपलं, बाई. आता सरस नायतर सरपण."

यांनी भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर यांनी पियानोचं नाव काढलं नाही आणि अन्नही हळूहळू सोडलं. पेज दिली तर म्हणत, ठेव. कपड्यावर रक्त पडायला लागलं. मी ते कपडे सासूबाईंच्या नजरेला पडू नयेत म्हणून अंधार असतानाच धुवायचे. त्यांना न दिसायला त्या काय आंधळ्या होत्या?

एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते. सासूबाई कुंपणाबाहेरून आल्या, अनवाणी, उन्हातून. सोवळ्यात होत्या. पदराची झोळी करून त्यात काहीतरी धरलं होतं. चुलीजवळ येऊन त्यांनी पदर मोकळा केला तेव्हा जमिनीवर सरसाच्या वड्या पडल्या.

"कुठल्या भांड्यात शिजवतात हा?" त्यांनी विचारलं.

"अहो, नवस आहे ना," मी म्हणाले.

"नवस मी बोललेय. माझं मी बघते."

"सासूबाई, नको. घेऊन जा तो. डिंक आहे अजून."

"सकाळी मी त्याचं अंग पुसलं," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. आणि फळीवरचं त्यांचं स्वतःचं पातेलं, ज्यात देवाच्या नैवेद्याचं दूध तापायचं, ते काढून माझ्या हातात दिलं.

मी त्या नवसाला वर्षभर मनातल्या मनात हसले होते. आणि त्या क्षणी मला कळलं की मीही त्याच्यावरच जगत होते. सासूबाई देवीशी हट्टानं भांडतायत, त्या हरायच्या नाहीत, हे मी धरूनच चालले होते. त्यांनी हात टेकले तर मी कुणाच्या आधारानं उभी राहायची? मला त्या वड्या उचलून विहिरीत टाकाव्याशा वाटल्या. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं की तुम्ही आई आहात, तुम्ही कसं सोडता. मी काही केलं नाही. पातेल्यात पाणी घालून चुलीवर ठेवलं.

सरस शिजताना घाण येते. सगळ्या घरात भरते, धूप घालून जात नाही. पातेलं उतरवून मिस्त्रीपुढं ठेवलं आणि मी यांच्या खोलीत गेले, दार लावून घ्यावं म्हणून. हे जागे होते. जंगलात आयुष्य गेलेल्या माणसाचं नाक.

"सरस ना?"

मी मान हलवली.

"कुणी आणला?"

खोटं सुचलं नाही. "आईंनी."

हे छताकडं बघत राहिले. माजघरात मिस्त्री काहीतरी ठोकत होता आणि सासूबाई त्याला हळू आवाजात विचारत होत्या की झालं का. यांचा हात खाटेच्या कडेवर होता, तो मी धरला. हे म्हणाले, "बरं. मिस्त्रीला सांग, घोडी नीट दाबून ठेव म्हणावं. उद्यापर्यंत हलवू नको."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं तारा पूर्ण ओढल्या. सूर्यमाळच्या माळ्याची ती शिवण काय बोलली म्हणून सांगू. तसा आवाज मी मिशनमध्येही ऐकला नव्हता. हे ऐकत होते. सासूबाई पहिल्यांदाच दारात उभं राहून ऐकत होत्या, आणि आईनं मुलाकडं आणि मुलानं आईकडं एकदाही पाहिलं नाही. मी मधे बसून वाजवत होते. वाजवणं थांबवलं तर त्या दोघांना एकमेकांशी बोलावं लागेल, या भीतीनं मी बोटं दुखेपर्यंत वाजवत राहिले.

हे पावसाळा लागायच्या आधी गेले. तो सांधा मात्र नंतरच्या एकाही पावसाळ्यात सुटला नाही.

तेराव्यानंतर पाहुणे गेले, घर रिकामं झालं. मी ओटी सारवत होते. सासूबाई कुंपणाबाहेर गेल्या आणि शेजाऱ्यांच्या छपरातून यांचे बूट काढले. पदरानं त्यांच्यावरची धूळ पुसली. मग फाटकातून आत आल्या आणि ते बूट घरात, दाराच्या आत, पूर्वी जिथं असायचे तिथं नीट जोडीनं ठेवले.