केडगावच्या दारातला ‘येतो’

आधीच सांगून टाकते, की या सदराची टिंगल करणाऱ्या वाचकांपैकी मी एक आहे. पिंपळाखालची हडळ, पांढऱ्या साडीतली बाई, मागे वळून बघू नका म्हणणारा टांगेवाला... मी वाचते, हसते आणि पान उलटते. आमचे ‘हे’ गणिताचे मास्तर होते. सिद्ध झाल्याशिवाय आमच्या घरात कशालाच प्रवेश नव्हता, भुतांना तर मुळीच नाही. तरीही एक गोष्ट आहे, जी मी पन्नास वर्षं पोटात ठेवली. ज्यांच्यासाठी ठेवली ती माणसं आता राहिली नाहीत, म्हणून लिहिते.

लढाईचे दिवस होते. आम्ही केडगावला राहायचो — नगरहून पुण्याच्या रस्त्याला, स्टेशन मागे टाकलं की पुढे. तेव्हाचं केडगाव धड खेडं नव्हतं आणि धड शहरही नव्हतं. सकाळी अर्धं गाव दूध-भाजी घेऊन नगरला जायचं आणि दुपारच्या आत परत यायचं. ह्यांची शाळाही नगरात, सायकलवर जायचे. रस्त्यावरून दिवसभर लष्कराच्या लॉऱ्या आणि त्यांची सगळी धूळ माझ्या वाळवणावर. साखर रेशनवर, रॉकेल कुपनावर. मी वीस-एकवीस वर्षांची, पुण्यात वाढलेली. करमायचं म्हणून नाही. मग दाराशी बसून येणारे-जाणारे बघणे हाच उद्योग. कोणाची सायकल किती वाजता जाते, कोणाचं कोणाशी बिनसलंय, मला सगळं ठाऊक असायचं.

आमच्या भाड्याच्या दोन खोल्या भागूबाईंच्या. अंगण एकच, त्यांचं दार आमच्या समोर. भागूबाई, त्यांचे मालक तात्या आणि एकुलता एक मुलगा किसन. थोडी शेती, दोन म्हशी. किसन सकाळी दूध घालायला नगरला निघाला की आमच्या दारावरून हाक मारायचा, “वैनी, येतो!” म्हणजे गावातून काही आणायचं असेल तर आत्ताच सांगा. मी आतूनच “या हं भाऊजी” म्हणायची. आमच्या माहेरच्या वळणाप्रमाणे दिराच्या नात्यातल्या माणसाला अहो-जाहो. त्यावरून भागूबाई मला चिडवायच्या.

“ह्याला कशाला आवो-जावो करताय मास्तरीनबाई? ह्याला घरची म्हस बी आरे-तुरे करती!”

मग किसन पलटणीत भरती झाला आणि मलायात गेला. त्याची पत्रं मी भागूबाईंना वाचून दाखवायची. एक दिवस पत्रं थांबली आणि काही महिन्यांनी सरकारी कागद आला. इंग्रजीत होता. ह्यांनी वाचला, चष्मा पुसला आणि सांगितलं, “बेपत्ता आहे असं लिहिलंय.”

तात्या मटकन खाली बसले. भागूबाई मात्र उलट सावरल्याच. “बेपत्ता? म्हंजी आपला पत्ता हरवला व्हय त्याच्याकडनं? तरीच पत्र न्हाई!”

खरा अर्थ आम्ही दोघांनीही त्यांना सांगितला नाही. त्या दिवसापासून दर महिन्याला त्या माझ्याकडून एक कार्ड लिहून घ्यायच्या. मजकूर दोन ओळी — घरी सर्व खुशाल, म्हैस व्याली. बाकी सगळा आमचा पत्ता. “ठळक लिवा. पुन्यानं आला तर स्टेशनाच्या अलीकडं, मनमाडनं आला तर पलीकडं, त्ये बी लिवा.” मी जुन्याच पलटणीच्या नावावर ते पाठवत राहिले. तिथे घेणारं कोणी नाही, हे मला कळत होतं.

आता मूळ गोष्ट. चव्वेचाळीस सालचा चैत्र. भागूबाई आणि तात्या राहुरीला भाचीच्या लग्नाला गेले होते. हे शाळेत. मी आत बसून तूरडाळ निवडत होते, दाराकडे पाठ करून. सकाळचे साडेदहा असतील, अंगणात लख्ख ऊन.

“वैनी, येतो!”

मी डाळीवरची नजरही न काढता म्हटलं, “या हं भाऊजी.”

आणि आणखी दोन मुठी डाळ निवडली. खरंच निवडली! तिसऱ्या मुठीला हात थांबला.

उठून बाहेर आले. फाटकाला माझ्याच हाताने घातलेली कडी तशीच. म्हैस रवंथ करत होती, तिने मानही वर केली नाही. रस्त्यावर एक बैलगाडी पार लांब गेलेली. भीती वाटली का? नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आपल्यात निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही; कायमचा निघालेलाही ‘येतो’च म्हणणार. किसन निरोप घेऊन गेला असंच माझ्या मनाने धरलं. आणि मी त्याला निरोप कसा दिला, तर वळूनही न बघता. तिथेच पायरीवर बसून मी रडले.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ह्यांनी रीतसर उलटतपासणी घेतली. लॉरीवाला असेल. लॉरीवाला मला वैनी कशाला म्हणेल? मग डुलकी लागली असेल. डाळ निवडताना? शेवटी म्हणाले, “मनाचे खेळ असतात. पण भागूबाईंना सांगू नकोस.” नुसते मनाचे खेळ, तर सांगू नको कशाला... हे मी विचारलं नाही.

भाद्रपदात पितृपंधरवडा आला आणि तात्या आमच्या पायरीवर येऊन बसले. माणूस वर्षभरात वाळला होता.

“मास्तरीनबाई, तुमचं ती ऐकती. मला सपनात पोर उपाशी दिसतंय वो. त्याच्या नावाचं एक पान ठिवू दे म्हनावं तिला.”

समोरच्या दारातून भागूबाईंनी ऐकलंच. “पान ठिवलं की मेला त्यो! मंग यायचा आसला तरी कसा यील?”

“आन् गेलाच आसंल तर? उपाशी ठिवायचा?”

दोघं एकमेकांकडे बघेनात. मग भागूबाई अंगण ओलांडून माझ्यासमोर आल्या. “तुमी लिवनाऱ्या-वाचनाऱ्या. तुमाला काय ठावं आसंल तर सांगा. तुमी म्हनाल त्ये मी करीन.”

मला ठाऊक होतं, निदान मी तसं समजत होते. एक वाक्य बोलले असते तर तात्यांना झोप लागली असती आणि ही बाई माझ्यासमोर कोसळली असती. तोंडातून निघालं ते एवढंच, “‘येतो’ म्हणालेत ना ते.”

“व्हय,” भागूबाई म्हणाल्या, “येतो म्हनलाय.” त्यांना वाटलं मी पलटणीत जातानाचं बोलते आहे.

पान ठेवलं नाही. तात्या कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आणि मी, जिचा पिंडाच्या कावळ्यावरही विश्वास नाही, ती वर्षभर जेवायला बसले की मनात कुढायची — भित्रेपणाने एका पोराला उपाशी ठेवलं म्हणून.

लढाई संपली. जपान्यांकडचे कैदी सुटू लागल्याचं ह्यांनी पेपरात वाचलं, पण आम्ही घरात त्यावर बोलायचं टाळलं. थंडी सुरू झाली होती. एका सकाळी भागूबाई अंगण सारवत होत्या आणि फाटकात एक हाडांचा सापळा येऊन उभा राहिला. भागूबाईंनी शेणाचे हात तसेच त्याच्या तोंडावरून फिरवले. किसन होता. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि त्यात साखरेऐवजी मीठ घातलं.

आठ-दहा दिवसांनी तो जरा बोलू लागला. रविवार होता, आम्ही सगळे अंगणात उन्हाला बसलो होतो. सांगत होता, कैदेत असताना ताप भरला आणि जी माणसं जगणार नाहीत त्यांच्या रांगेत ह्याला नेऊन टाकलं. कुठला महिना होता म्हणून ह्यांनी विचारलं, तर त्याला सांगता येईना.

“म्हनलं झालं आपलं. समद्यांचा निरूप घ्यावा. डोळं मिटलं आन् येतो म्हनलं. तर कुनीतरी बाईमानूस म्हनली, ‘या’. मला वाटलं, बलावत्यात तर आता यायलाच पायजे.”

ह्यांच्या हातातला अडकित्ता थांबला.

“तुजी आयच आसंल,” तात्या म्हणाले.

“आय मला ‘या’ कशी म्हनंल?” किसन म्हणाला. तो सहज बोलला होता.

भागूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग पदर डोक्यावर नीट घेतला. “मीच म्हनले. रोज म्हनत हुते. पलटनीतला मानूस, सरकारी. देवाम्होरं नाव घिऊन आरे-तुरे कसं करू?”

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. खोटं कशाला बोलू, मला तो ‘या’ हवा होता. वर्षभर जे मनाला लावून घेतलं होतं, ते एका वाक्यात फिटलं असतं. पण भागूबाई ज्या नजरेने किसनकडे बघत होत्या, ती बघून मी गप्प राहिले.

“मंग तूच,” किसन म्हणाला.

त्या रात्री हे म्हणाले, “तापात माणसाला काहीही ऐकू येतं.”

“त्याला ताप होता,” मी म्हटलं. “मला नव्हता.”

ह्यांनी कंदील मालवला. त्याचा ‘येतो’ मला कसा ऐकू आला, माझा ‘या’ त्याला कसा पोचला, की दोन्ही वेगवेगळ्याच गोष्टी आणि आम्हीच त्या जोडल्या — मला आजही सांगता येत नाही. कोणी शास्त्राने समजावून दिलं तर ऐकून घेईन.

दोन महिन्यांनी किसन पुन्हा दूध घालायला जाऊ लागला. पहिल्याच सकाळी आमच्या दारावर हाक आली, “वैनी, येतो!” मी तोंड उघडलं, तेवढ्यात समोरच्या दारातून भागूबाई मोठ्याने म्हणाल्या, “या!” आईने अहो-जाहो केलेलं ऐकून किसन हसायलाच लागला. रस्त्यावरची दोन माणसंही हसली. भागूबाई हसल्या नाहीत. नंतर तीन वर्षांनी ह्यांची बदली होईपर्यंत त्याला रोज त्याच उत्तर द्यायच्या, आणि त्यांचं ऐकू येईपर्यंत मी आत गप्प बसून राहायची.