टेबल नऊचं टिंब

"ह्याचं किती?" आईनं विचारलं.

शेंगाचटणीच्या नावावर बोट ठेवून विचारलं. मेनूकार्ड दोन्ही हातांनी धरलेलं, पोथी धरतात तसं. कॅप्टन, म्हणजे वाढप्यांचा मुख्य, शेजारी उभा होता. तो हसला. म्हणाला, "मावशी, आमच्याकडं भाव विचारून कुणी जेवत नाही."

शेजारच्या टेबलावरची बाई चमचा खाली ठेवून बघायला लागली. आईनं बोट उचललं, चटका बसल्यागत. कार्ड मिटून मांडीवर ठेवलं.

कॅप्टननं माझ्याकडं बघितलं. मी दाराजवळच्या काउंटरला उभी होते. नुसते ओठ हलवून तो म्हणाला, "नऊ." मी पेन्सिल उचलली. समोर टेबलांचा तक्ता होता, त्यावर नऊ नंबरच्या चौकोनात टिंब दिलं.

ती माझी आई होती. तिच्यावर टिंब मी दिलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी जे केलं ते ऐकून मला कुणी शहाणी म्हणू नये.

टिंब म्हणजे काय ते सांगते. ऐकून किळस आली तर येऊ दे. मला रोज येते.

सोलापुरातल्या नव्या भागातलं ते मोठं हॉटेल. गावरान जेवणाचं. भिंतीवर कंदील, घोंगड्या. दारात खरं दगडी जातं, त्यात पाणी भरून गुलाबाच्या पाकळ्या सोडलेल्या. कडक भाकरी, पिठलं, खर्डा, आमटी, सगळं तांब्याच्या भांड्यात. मेनूकार्ड जाड, हाताला खरबरीत लागणारं. त्यावर पदार्थांची नावं, नावांखाली दोन-दोन ओळी कौतुक, आणि भाव कुठंच नाही. वेबसाइटवरही नाही. पिठल्याचा फोटो असा की तोंडाला पाणी सुटावं, पण आकडा नाही. कार्डावर सगळा मिळून एकच आकडा होता, फोन नंबर. तो फोन मी उचलायची.

पहिल्याच दिवशी मालकांनी शिकवलं. "आकडा दिसला की माणूस आकडा खातो, जेवण खात नाही. आणि भाव विचारणारा आपला गिऱ्हाईक नव्हे." वर हेही म्हणाले, "तुझं ते हाय-न्हाय घरी ठेवून येत जा." मी ठेवून आले. होटगीची पोरगी मी, बीकॉम झालेली, हातात पहिली नोकरी. सांगितलं असतं तर जीभही घरी ठेवून आले असते.

फोनवर बोलायचं वाक्य पाठ करून घेतलं होतं. दोन माणसांचं साधारण किती होईल, असं कुणी विचारलं की म्हणायचं, "सर, ते तुमच्या आवडीवर अवलंबून आहे. तुम्ही या तर खरं." एका बाईनं विचारलं होतं, आमी पाच माणसं, ह्यांना बढती मिळालीय, हजारात भागंल का हो? मी तेच म्हणाले, आवडीवर अवलंबून आहे. मग "बरं बरं" म्हणून तिनं फोन ठेवला. ते बरं बरं मला पुरतं कळलं होतं. तरी पुढचा फोन मी तसाच उचलला.

आता टिंब. टेबलावर कुणी भाव विचारला की कॅप्टन हसून "भाव विचारून कुणी जेवत नाही" हे वाक्य टाकायचा आणि मी तक्त्यावर टिंब द्यायची. मग वाढप्यांना कळायचं, हे माणूस एकदा लाजलंय. आता परत विचारणार नाही. शेजारपाजारचे बघतायत म्हणून "नको" सुद्धा म्हणणार नाही. त्याला विचारत राहा, अजून भाकरी आणू? ताक आणू? तो मान हलवत राहणार. कॅप्टन आम्हाला हे अगदी शाळेत शिकवतात तसं समजावून सांगायचा. "लाजलेलं गिऱ्हाईक सगळ्यात चांगलं." आम्ही ऐकायचो. एक-दोघं हसायची. मीही हसले असेन.

आणि माझी आई खानावळवाली.

होटगी स्टेशनच्या मागं आमची खानावळ आहे. रेल्वेच्या कामावरची माणसं जेवायला येतात. आई चौथी शिकलेली. अक्षर सावकाश वाचते, आकडा मात्र झटकन. रोज सकाळी पहिली भाकरी तव्यावर पडली की ती खडू घेऊन दाराबाहेरच्या फळ्यावर भाव लिहिते. ताट सत्तर. ताटात पिठलं नाहीतर आमटी, चटणी, कांदा, आणि भाकरी पोटभर. मी लहानपणी विचारलं होतं, फळा आत का लावत न्हाईस? ती म्हणाली, "आत यून भाव कळला आन खिशात नसला, तर माणसानं कसं उठायचं? भाईर उभं राहून खिसा चाचपू दे की. कोन बघतंय?" एवढंच. तिला यात काही मोठं वाटत नव्हतं.

त्या बाईच्या पोटची मी, आणि मी टिंबं देत होते.

आई महिनोन्‌महिने विचारायची, "तुमच्यात जेवायला किती पडतं गं? सांग की." मी टाळायची. म्हणायची, लई महाग नसतंय, बघू कधीतरी. घरातसुद्धा मला आकडा सांगवत नव्हता. सत्तर रुपयांत जे आई पोटभर वाढते, त्याचे आम्ही किती घेतो हे सांगायला तोंड कुठं होतं मला?

मग एका सोमवारी दुपारी ती आलीच. खानावळीला सुट्टी होती. सोबत अक्कलकोटची मावशी. दोघींनी ठेवणीतली लुगडी नेसलेली. दारात आई थांबली, जात्याकडं बघून म्हणाली, "जात्यात पानी घातलंय, खुंटा कुजंल की." मला आधी मनापासून आनंद झाला. खरंच झाला. आणि लगेच मागून कॅप्टनचा आवाज आला, "किती जण?" आणि माझ्या तोंडून निघालं, "दोन. या मॅडम."

मॅडम म्हणाले मी. आईला.

आईनं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं असणार, इथली रीत असेल. पोरीची नोकरी आहे. ती कॅप्टनच्या मागं गेली. नऊ नंबर, हात धुवायच्या जागेजवळचं टेबल.

मग ते भाव विचारणं आणि टिंब झालं. त्यापुढचं मी काउंटरवरून बघत होते. वाढपी यायचा, "अजून भाकरी आणू?" आई हो म्हणायची. तिच्या दुनियेत हा प्रश्न म्हणजे आग्रह. खानावळीत ताटाचा भाव एकदाच, पुढची भाकरी वाढणाऱ्याच्या मायेची. नको म्हणलं तर वाढणाऱ्याला वाईट वाटतं. तिनं उलट मावशीलाही म्हणलं, "घे की, एवढं इचारत्यात." कार्डावर भाव नाही म्हणजे ताटाचा एकच भाव असणार, असं तिनं धरलं. दुसरं काही असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. चटणी दोनदा आली. ताक आलं. मी बघत होते. मला एकूण एक आकडा पाठ होता. भाकरी एक, साठ रुपये. दहा पावलांवर माझी आई जेवत होती आणि मी मनात बेरीज करत होते, आणि जागची हलले नाही.

का नाही हलले? नोकरी जाईल म्हणून. आणि खरं सांगायचं तर लुगड्याची लाज वाटली म्हणून. हे सांगताना स्वतःच्याच तोंडावर थुंकावंसं वाटतंय.

बिल आलं. बाराशे एक्क्याऐंशी. आईनं कागद जवळ धरला, मग लांब धरला. मावशी कानडीत पुटपुटली, "एष्टु?" किती म्हणून. आईनं पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून सहाशे रुपये. टेबलावर सरळ करून ठेवले.

"एवढंच हायत," ती म्हणाली. "बाकीचे उद्या आनून देते."

कॅप्टननं ते पैसे बोटानं जरा बाजूला सारले. आणि म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मावशी, भाव आधी विचारायचा असतो ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विचारला होता. तिनं विचारला होता. पहिल्याच पदार्थावर बोट ठेवून विचारला होता, आणि तूच हसलास.

आई मात्र भांडली नाही. कॅप्टन म्हणाला, "घरी कुणाला फोन लावा. पैसे घेऊन येतील." आई खाली बघून म्हणाली, "फोन लावायला कुनी न्हाय आमाला."

काउंटरकडं तिनं बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. मी तिला मॅडम म्हणाले होते ना, तर ती मला सांभाळून घेत होती. माझी नोकरी राहावी म्हणून तिनं सगळ्यांसमोर मला नसलेली करून टाकलं.

मी काउंटर सोडला. "हाय की," मी म्हणाले. "मी हाय. माझी आई हाय ती."

सगळं हॉटेल गप्प झालं असं काही झालं नाही. लोक जेवत होते. कॅप्टन तेवढा पांढरा पडला. मालक आतून आले. प्रकार कळल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अगं, आधी सांगायचं ना, स्टाफची आई म्हणून. बिल माफ करून टाकलं असतं."

तो हात मला पालीसारखा वाटला. स्टाफची आई नसती तर? होटगीची कुणीही बाई असती तर?

मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "माफ कशापायी? आमी काय चोरलंय?"

मी पर्समधून उरलेले पैसे काढून सहाशेवर ठेवले. मग टेबलावरचं कार्ड उघडलं आणि हातातल्या पेन्सिलीनं, टिंबाच्याच पेन्सिलीनं, एकेका नावापुढं भाव लिहायला लागले. पिठलं दोनशे ऐंशी. आमटी दोनशे चाळीस. शेंगाचटणी नव्वद. शेजारची बाई वाकून बघत होती. तिच्या नवऱ्यानं आपलं कार्ड माझ्यापुढं सरकवलं, म्हणाला, "यावर पण लिहा." त्यालाही ठाऊक नव्हतं. इतका वेळ तोही लाजूनच जेवत होता.

मालकांचा आवाज बदलला. "खराब करू नकोस ते. एक कार्ड छापायला किती पडतं माहितीय का तुला?"

"न्हाय सर," मी म्हणाले. "त्याच्यावर लिहिलेलं न्हाय."

त्याच दुपारी नोकरी गेली. त्याचं मला काही नाही.

परतीच्या एसटीत मावशी डोळे मिटून बसली होती. मी आईला टिंबाचं सांगितलं. सगळं. लपवून ठेवणं जमलं नसतं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आमच्यावरचं टिंब कुनी दिलं?"

"मी."

ती खिडकीकडं सरकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली भाकरी तव्यावर पडली. मी म्हणलं, आज फळा मी लिहिते, खडू दे. आईनं खडू दिला नाही. हात पुसून उठली आणि स्वतः लिहून आली. आजही देत नाही. भांडत नाही, टोमणे मारत नाही, जेवायला वाढते. खडू तेवढा देत नाही. तिनं मला माफ केलंय का, हे मी विचारलेलं नाही. तिचं बरोबरच आहे. तो फळा लिहायला हात स्वच्छ लागतो.

लोक म्हणतात, जाऊ दे, ज्याला परवडतं तो जाईल तिथं. अरे, पण परवडतं की नाही हे दारातच कळू द्या ना! माणसाला आत घ्यायचं, चारचौघांत लाजवायचं, आणि त्याची लाज ताटात वाढून त्याच्याकडूनच पैसे घ्यायचे. हा धंदा नव्हे, घाण आहे. त्या घाणीत मी अकरा महिने हात बुडवून पगार घेतला.

काल स्टेशनजवळच्या दुकानातून खडूची पेटी घेतली. आधी भाव विचारला, मग घेतली. सोमवारी खानावळ बंद असते. सोमवारी मी त्या हॉटेलसमोर जाणार. त्यांच्या फाटकाच्या आत पाऊल टाकणार नाही. बाहेरचा रस्ता सगळ्यांचा आहे. त्या डांबरावर, आत जाणाऱ्याला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात, पिठल्यापासून ताकापर्यंत सगळे भाव लिहिणार. ते पाणी मारून धुतील. धुवू देत. पुढच्या सोमवारी परत जाणार, आणि त्याच्या पुढच्याही. त्यांनी भाव वाढवले तर आत जाऊन जेवून येणाऱ्याला विचारून नवे लिहिणार.

सगळे आकडे मला पाठ हायत.