साहेबांचं पोट

माझ्या थोरल्या साडूंना ‘आता पुरे’ एवढे दोनच शब्द ऐकू येत नाहीत. बाकी सगळी मराठी त्यांना उत्तम ऐकू येते. भिंगारला लष्कराच्या एका मेसमध्ये त्यांनी उभा जन्म वाढप्याचं काम केलं आणि निवृत्त झाल्यावर हात रिकामा राहू नये म्हणून ओळखीपाळखीच्या लग्नांतल्या पंगती धरल्या. पानावर आडवा धरलेला हात, डॉक्टरनं नाडी बघावी इतक्या हळुवारपणे बाजूला करायचा आणि खाली जिलबी सोडायची, ही त्यांची कला मी माझ्याच लग्नात सोसली आहे. “पाव्हणं, ही माझी न्हाई, तुमच्या मेव्हनीची,” असं म्हणून पाचवी आणि “ही मोडली बगा, मोडल्याली परत न्यायची आमच्यात रीत न्हाई,” असं म्हणून सहावी. त्यांच्या आग्रहामुळे एक मधुमेही तहसीलदार पंगतीतून उठून पळाले आणि साडू जिलबीचं भांडं घेऊन त्यांच्या मागे जीपपर्यंत गेले, असं लोक सांगतात. खरं असावं. मी स्वतः त्यांच्याकडून नेवाशाला परतताना आधी पट्टा सैल करतो आणि मगच एसटीत चढतो.

अशा माणसाच्या पदरात देवानं चिंचिला घातला. तीन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक लेक नोकरीसाठी जर्मनीला निघाली आणि पुण्यात हौसेनं पाळलेलं हे जनावर ‘सहा महिने सांभाळा’ म्हणून आईबापांच्या हवाली करून गेली. उंदराचे कान, सशाचं अंग, खारीची शेपटी आणि कुठल्याही क्षणी राजीनामा देईल असा चेहरा. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या थंड, कोरड्या डोंगरांतला. लेकीनं सोबत दोन पानं लिहून दिली होती आणि त्यातलं पहिलंच वाक्य असं होतं की याला लाडानं काहीही खायला घालायचं नाही. वाळलेलं गवत, ठरलेल्या खाद्याच्या थोड्या गोळ्या आणि पाणी, बस्स. गोड नाही, तूप नाही, सुकामेवा तर मुळीच नाही. कारण या प्राण्याला उलटी करता येत नाही आणि पोट एकदा बंद पडलं की जीव जातो. साडूंनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून म्हणाले, “पोरी, ह्यो पाव्हना हाय का कैदी?”

पहिले आठ दिवस ते फार दुःखी होते. आपण जेवायचं आणि समोरच्या जिवाला वाळलं गवत द्यायचं, हे त्यांना पाप वाटे; ते पिंजऱ्याकडे पाठ करून जेवत. पण वाढप्याची नजर फार तयार असते. कोणाला काय हवंय आणि कोण नुसता लाजतोय, हे ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. तीच नजर त्यांनी आता या जनावराकडे वळवली, त्याचं नाव ‘साहेब’ ठेवलं आणि महिन्याभरात ते भिंगारमधले, किंबहुना नगर जिल्ह्यातले एकमेव चिंचिला-तज्ज्ञ झाले. साहेब दिवसा झोपतात म्हणून घरात कुकरची शिट्टी बंद झाली. एकदा ती वाजली तेव्हा साहेब पिंजऱ्याच्या कोपऱ्यात उभे राहून चक्क भुंकले होते. साहेबांना आमचा उन्हाळा सोसत नाही म्हणून ज्या माणसानं आयुष्यभर मे महिना अंगणातल्या बाजेवर काढला, त्यानं आतल्या खोलीला एसी बसवला. शेजाऱ्यांनी कूलर सुचवला तेव्हा हे कडाडले, “कूलरची हवा वली असती! त्या केसांत वल ऱ्हायली तर बुरशी धरल.” वीज गेली तर काय, म्हणून पिंजऱ्यात बसायला शहाबादी फरशीचा तुकडा आणि फ्रिजरमध्ये फडक्यात गुंडाळायच्या बर्फाच्या बाटल्या कायम तयार. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, एकदा मला म्हणाली, “माज्या बाळंतपनात पंखा सुदिक नव्हता वो.”

ताईचाही साहेबांवर जीव होता, पण तिची सुरुवात चुकली. घरात आल्यापासून जनावराला अंघोळ नाही, हे तिला बघवेना. तिनं कोमट पाणी काढलं आणि साहेबांना दोन्ही हातांनी घट्ट धरलं. साहेब सुटले आणि ताईच्या मुठीत राखाडी केसांचा झुबका राहिला. ताई रडायला लागली. साडूंनी तिला समजावलं की घाबरला म्हणजे हा केस सोडून देतो आणि जीव वाचवतो. नंतर परत येतात. मग त्यांनी परातीत पाण्याऐवजी अंघोळीसाठी पुण्याहून मागवलेली बारीक पांढरट भुकटी ओतली. साहेब त्यात असे लोळले, गिरक्या घेतल्या, उलटेपालटे झाले, की ताई डोळे पुसत हसायला लागली. आणखी एकदा साहेबांचे नारिंगी दात पाहून साडूंचा संशय ताईच्या मिश्रीच्या डबीवर गेला होता आणि घरात दोन दिवस अबोला होता. या जातीचे दात तब्येत चांगली असली की नारिंगीच असतात, असं लेकीनं फोनवर सांगितलं तेव्हा तो मिटला.

पण साडूंचा खरा अभ्यासाचा विषय म्हणजे साहेबांच्या लेंड्या. रोज सकाळी चहाच्या आधी ते पिंजऱ्याखालचा ट्रे बाहेर काढून उजेडात नेतात. भरपूर, कोरड्या, एकसारख्या असल्या की त्यांचा दिवस चांगला जातो. “मानूस तोंडानं खोटं बोलतो, पाव्हणं. ट्रे खोटं बोलत न्हाई,” हे त्यांनी मला पोह्यांची दुसरी बशी देता देता सांगितलं आहे.

गल्लीतले लोक साहेबांना बघायला येत (निम्मे एसीत बसायला येत) आणि येताना खिशातून काहीतरी आणत. आमच्याकडे रिकाम्या हातानं कोणी जात नाही, त्याला काय करणार? म्हणून साडूंनी पिंजऱ्यावर पाटी लावली: ‘साहेबांना काहीही देऊ नये. हुकुमावरून.’ शेंगदाण्याचा एक दाणा पुढे करणाऱ्या सख्ख्या मामेभावाला त्यांनी हाताला धरून खोलीबाहेर काढलं. ज्यानं जिल्ह्याला खाऊ घातलं तो माणूस ‘नको, नको’ म्हणत दारात उभा राहतो, हे दृश्य बघायला मी मुद्दाम भिंगारला जात असे.

आणि त्या पाटीखाली घात केला तो मी. लेकीची नोकरी तिकडे कायम झाली, म्हणून ताईनं सत्यनारायण घातला होता. मी शिऱ्याचा द्रोण घेऊन एसीत जाऊन बसलो. दुपार कलली होती. साहेब जागे झाले, दोन पायांवर उभे राहिले, चिमुकल्या हातांनी गज धरले आणि माझ्याकडे बघत राहिले. प्रसाद कोणाला नाकारू नये, हे मला आईनं शिकवलं आहे आणि पाटीवर प्रसादाबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. मी चिमूटभर शिरा आणि एक बेदाणा आत सरकवला. साहेबांनी तो दोन हातांत धरून इतक्या अदबीनं खाल्ला की मला धन्य वाटलं.

रात्री मी तिथेच मुक्कामाला होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडू ट्रे घेऊन अंगणात उभे होते. ट्रे कोरा होता. आत साहेब पाठीला पोक काढून कोपऱ्यात बसलेले, गवताला तोंड नाही. साडूंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. “माज्याच हातनं काय तरी झालं,” ते पुटपुटत होते. “गवत जुनं हुतं का? पानी बदलाया इसरलो का?” ते ऐकवेना म्हणून मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. त्यांनी फक्त विचारलं, “तूप लई हुतं का?” मी मान डोलावली. ते तसेच डॉक्टरांना आणायला गेले.

गल्लीजवळचे जनावरांचे डॉक्टर प्रामाणिक निघाले. “गाय असती तर मीच बघितलं असतं,” म्हणाले आणि पुण्यातल्या एका माहितगार डॉक्टरांना फोन लावून त्यांच्या सांगण्याप्रमाणे औषध दिलं. आता साहेबांच्याच खाद्याच्या गोळ्या भिजवून केलेली पातळ पेज बिनसुईच्या सिरिंजनं थेंब थेंब पाजायची, पोटावरून हलका हात फिरवायचा, थांबायचं, परत पाजायचं. पोट चालू झालं तर वाचला. पण साहेब दात मिटून बसले होते. डॉक्टरांनी प्रयत्न केला, ताईनं केला, जमेना.

मग साडूंनी हात धुतले, बाह्या वर केल्या आणि साहेबांना पोटाखालून हलकेच आधार देत टॉवेलावर घेतलं. त्यानंतर सहा तास मी जे बघितलं तसा आग्रह नगर जिल्ह्यात कोणत्याही पंगतीत झाला नसेल. “ह्यो थेंब माजा न्हाई साहेब, तुमच्या मालकिनीचा हाय, जर्मनीवाल्या.” एक थेंब गेला. “ह्यो डाक्टरांचा. त्यांचा मान नगं का राखाया?” दुसरा गेला. साहेब मान फिरवत, हे सिरिंज फिरवत. साहेब पुटपुटत, यांना ऐकू येत नसे. ते स्वतः सकाळपासून जेवले नव्हते, ताईनं ताट आणलं तर त्यांनी त्यावर आडवा हात धरला आणि म्हणाले, “आता नगं.”

दिवस मावळायला आला तेव्हा टॉवेलावर एक लेंडी पडली. बारकी, वाकडी, काळी. साडूंनी ती तळहातावर घेतली, उजेडात धरली आणि लष्करी माणसासारखे ताठ उभे राहून ओरडले, “आली!” मग दुसरी आली, मग पाच-सहा आल्या. ते तसेच तळहात पुढे करून अनवाणी गल्लीत पळाले. समोरच्या काकूंनी विचारलं, “काय वो, लेकीचं लगीन ठरलं का?” “न्हाई,” साडू म्हणाले, “साहेबांना साफ झाली!” ताईनं साखर वाटली, डॉक्टरांनी दोनदा हात मिळवला, शेजारच्या पोरांनी कुठून तरी लवंगी माळ आणली ती साडूंनी हिसकावून घेतली, कारण साहेबांना आवाज चालत नाही. आत साहेबांनी गवताची एक काडी उचलली आणि कुरतडायला घेतली. मी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, भिंगारच्या गल्लीत नाचलो.

लोक गेल्यावर आम्ही दोघं पिंजऱ्यासमोर बसलो. साहेब या फळीवरून त्या फळीवर उड्या मारत होते. साडू त्यांच्याकडे बघत म्हणाले, “ह्यो वीस-वीस वर्सं जगतो म्हनं, पाव्हणं. पोरगी तिकडचीच झाली आता. आनि मला अडुसष्ट लागलं. माज्यामागं ह्याला तुमी न्या.”

“मी? दादा, मी तर कालच याला—”

“म्हनून तर तुमाला म्हनतोय. तुमी आता जन्मात चुकायचं न्हाई.”

मी हो म्हटलं. आजवर माझ्यावर एवढा विश्वास कोणी टाकला नव्हता. आणि तो खरा करून दाखवायची पाळी माझ्यावर कधीच येऊ नये, असं तिथं बसल्या बसल्या मला मनापासून वाटत राहिलं.