व्याह्यांची जमात

आम्ही पाच-सहा जणी टेक्सासमधल्या फ्रिस्कोत शनिवारी चहाला जमतो. बाकीच्यांचे विषय ठरलेले: व्हिसा, घरांचे भाव, पोरांची कॉलेजं. माझी पाळी आली की मात्र सगळ्या कप खाली ठेवतात. "मंजू, तुझ्या व्याह्यांचं काय नवीन?" गेल्या वर्षभरात माझ्याकडे इतके किस्से साठलेत, की एक काढायला गेलं की मागचे तीन अंगावर पडतात. आणि त्यातला एकही मी रंगवलेला नाही बरं का! ते घडत असताना मी आ वासून उभी होते, एवढंच माझं श्रेय.

सुरुवात झाली ती आमच्या लेकीपासून. गार्गी इथेच जन्मली, फिजिओथेरपिस्ट आहे. एका रविवारी मी पोळ्या करत असताना येऊन म्हणाली, "आई, आय ॲम सीईंग समवन." मुलगा शाळेत शिक्षक, नाव ओवेन, घराणं मूळचं आयर्लंडचं. मी मनाची तयारी केलेलीच होती. म्हटलं, "मग चर्चमध्ये लग्न करावं लागेल का गं?"

"नो, आई. ते ख्रिश्चन नाहीयेत. दे हॅव, लाइक, अ ट्राइब."

माझी पोळी करपली.

ट्राइब! टेक्सासमध्ये! जिथे माणसं कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा गाडी काढून जातात, तिथे जमात! मग तिनं समजावून सांगितलं. सात-आठ कुटुंबं आहेत. कोणी नर्स, कोणी इन्शुरन्सवाला, कोणी शिक्षक. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये ख्रिस्ती धर्म यायच्या आधी लोकांचे जे देव होते, जे कुळाचार होते, ते यांनी पुन्हा सुरू केलेत. देऊळ नाही, भटजी नाही. प्रत्येक घराची चूल हेच देवघर, आणि अशी घरं मिळून एक जमात.

हे ऐकून सर्वात जास्त हादरले आमचे अण्णा. अण्णा म्हणजे माझे सासरे, वय चौऱ्याऐंशी. सासूबाई गेल्यावर, गार्गी लहान असतानाच, पुण्याचा फ्लॅट बंद करून आमच्याकडे आले. ते एवढंच म्हणाले, "ज्यांना कूळ नाही त्यांच्यात मुलगी द्यायची नाही."

गार्गी आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तिनंही एवढंच म्हटलं, "आजोबा नसतील तर मी लग्नच करणार नाही." आणि दोघंही आपापल्या खोलीत गेले. दोघांचाही हट्टीपणा एकाच घराण्यातला, त्यामुळे मी आणि माझा नवरा सुधीर मधल्या मध्ये लटकलो ते पुढचं वर्षभर.

* * *

ओवेन पहिल्यांदा घरी आला तो पाव आणि मिठाची पुडी घेऊन. मी म्हटलं, चला, निदान वाइन तरी नाही. तो बूट काढतोय तोवर अण्णांनी सोफ्यावरूनच तोफ डागली, "हूज सन आर यू?"

मला वाटलं, पोरगा आता बापाचा जॉब सांगेल. तर तो एक बूट हातात घेऊन ताठ उभा राहिला आणि सुरू झाला. "मी ओवेन, ब्रेंडनचा मुलगा. ब्रेंडन डॅनियलचा, डॅनियल ह्यूचा, ह्यू थॉमसचा..." थांबेचना! नऊ पिढ्या! नऊ पिढ्या झाल्यावर शांतपणे दुसरा बूट काढला.

मी सुधीरकडे बघितलं, सुधीरनं पंख्याकडे. श्राद्धाला आपण तीन पिढ्या सांगतो, त्याही सुधीर भटजींनी पुढे म्हटल्यावर मागून म्हणतो.

अण्णा मग म्हणाले, "पाठ केलंय. पाठांतराला काय अक्कल लागते!"

* * *

फेब्रुवारीच्या सुरुवातीला माझी विहीण, म्हणजे तेव्हा होऊ घातलेली विहीण, मॉरीन, हिनं घरापुढच्या झुडपावर एक पांढरं फडकं टाकलं. मॉरीन डेंटिस्टच्या ऑफिसात फ्रंट डेस्कला बसते. अगदी चारचौघींसारखी बाई, मोठी पर्स, हळू आवाज. पण त्या रात्री ब्रिजिड नावाची त्यांची देवी प्रत्येक दारावरून जाते आणि जाताना त्या कापडाला हात लावते, अशी यांची श्रद्धा.

देवी येऊन गेली की नाही माहीत नाही, पण सकाळी एचओए आली! एचओए म्हणजे आमच्याकडची कुंपणाचा रंग ठरवणारी कमिटी. दर्शनी भागात धुणं वाळत घालायला मनाई आहे, म्हणून त्या कमिटीतल्या बाई दारात उभ्या. मॉरीन म्हणाली, "धुणं नाहीये ते. धुतलेलंसुद्धा नाहीये." बाईंना तेवढ्यानं काही बरं वाटलं नाही.

मी तिथेच होते, कारण मला गार्गीनं मुद्दाम पाठवलं होतं. मॉरीननं त्या फडक्याची एक पट्टी फाडून माझ्या हातात दिली. "डोकं दुखलं की बांध." मी गारच पडले. आमच्या नागपूरला आजी देवीचा धागा मनगटाला बांधून हेच वाक्य म्हणायची, याच आवाजात!

घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "योगायोग." आणि मग जरा वेळानं, "बांधून बघितलीस का?"

* * *

एकदा आम्ही चौघं, म्हणजे गार्गी, ओवेन, सुधीर आणि मी, डोशाच्या रेस्टॉरंटमध्ये बसलो होतो. डोसा टेबलावर आला आणि ओवेनचा फोन वाजला. तो ताडकन उठला. "सॉरी, काकू. मी ऑन-कॉल आहे."

मी म्हटलं, शाळेचा मास्तर कसला ऑन-कॉल? सर्व्हर तर सुधीरच्या कंपनीचे बंद पडतात!

गार्गी शांतपणे चटणी ओढून घेत म्हणाली, "ज्योतीचा ऑन-कॉल आहे, आई." त्यांच्यात ब्रिजिडची ज्योत अखंड ठेवतात. घरं पाळीपाळीनं सांभाळतात, आणि ज्याची पाळी त्याला आजारपण आलं तर दुसऱ्यानं धावायचं. त्याचं रोस्टर आहे, बॅकअप आहे, बॅकअपचा बॅकअप आहे.

सुधीर तीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला देवाधर्माचं काही नाही, पण हे ऐकून तो हलला. "आणि डाउनटाइम? मध्ये किती वेळा विझली?"

"सात वर्षांत एकदाही नाही," गार्गी म्हणाली.

सुधीरनं हात जोडले. खरोखर जोडले, भर रेस्टॉरंटमध्ये.

* * *

आता सुधीरचे प्रताप सांगते. ऑगस्टमध्ये त्यांचा पहिल्या पिकाचा सण असतो. आम्हाला आमंत्रण. अण्णा अर्थातच आले नाहीत. बाहेर ऊन आग ओकत होतं, पण सगळी मंडळी पार्कातल्या ओकच्या झाडाखाली गोल करून उभी. मॉरीननं एका लाकडी ताटात पाव, लोणी आणि ब्लूबेरी ठेवल्या, काहीतरी पुटपुटली, ताट झाडाच्या बुंध्याशी ठेवलं आणि सगळे मागे सरले.

सुधीर वाट बघत होता. नैवेद्य दाखवला, आता प्रसाद वाटायला कोणीच कसं पुढे होत नाही? संकोचत असतील बिचारे! माझं लक्ष जाईपर्यंत हा पुढे गेला, ताट उचललं, एक ब्लूबेरी डोळ्यांना लावून तोंडात टाकली आणि वळून एकेकाच्या हातावर ठेवायला लागला. "प्लीज. राइट हँड, प्लीज."

 एका आजीबाईंनी तर चक्क डोळे मिटून घेतले.

मॉरीन हळूच म्हणाली, "सुधीर, त्यांना दिलेलं अन्न माणसानं खायचं नसतं. त्यातला कस ते घेऊन जातात. मागे उरतं ते अन्नच नव्हे."

सुधीर म्हणाला, "नाही नाही, आमच्यात उलट असतं. देवानं खाल्लं की चव वाढते."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. गार्गीनं चेहरा ओढणीत लपवला. वडीलधारी मंडळी बाजूला जाऊन बसली, मान हलवत बोलत राहिली. निकाल लागला: पुढचं वर्षभर प्रत्येक सणाला देवांचं ताट सुधीरनं आणायचं. पुढच्या वेळी हा भारतीय दुकानातून श्रीखंड घेऊन गेला! मंत्र संपतात न संपतात तोच झुडपातून मांजराएवढा एक जंगली रॅकून आला आणि दिवसाढवळ्या डबा साफ करून गेला. मॉरीन म्हणाली, असं याआधी कधीच झालं नव्हतं. हा मान आहे की अपमान, हे मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.

* * *

पण खरा धक्का बसला तो त्याच दिवशी, श्रीखंडानंतर. एक अनोळखी माणूस आला. दंडभर गोंदलेलं, मोठा ट्रक. इंटरनेटवर वाचून आला होता. त्यानं गोलात नजर फिरवली आणि ती माझ्यावर आणि गार्गीवर थांबली. "हे लोक इथे कशाला? हा रक्ताचा धर्म आहे ना?"

 इतकी वर्षं झाली या देशात, तरी असं कोणी बोललं की प्रत्येक वेळी तेवढंच लागतं. मला वाटलं, आता कळेल ही मंडळी खरी कशी आहेत ते.

कोणी काहीच बोललं नाही! उलट मॉरीननं त्याला हात धुवायला पाणी दिलं, बसवलं, वाढलं. त्यांच्यात म्हणे पाहुण्याचं पोट भरेपर्यंत त्याला ना प्रश्न विचारायचा, ना उत्तर द्यायचं. तो खात होता आणि माझा संताप संताप होत होता. वाटलं, गार्गीला उठवावं आणि सरळ घरी जावं.

त्यानं हात पुसले, तेव्हा मॉरीन म्हणाली, "आता सांग. तू कोणाचा?"

तो म्हणाला, डीएनए टेस्ट केली आहे, इतके टक्के आयरिश आहे.

"टक्के म्हणजे माणूस नव्हे," मॉरीन म्हणाली. "आजीचं नाव सांग. तिच्या आईनं ठेवलेलं."

तो ट्रकच्या किल्ल्या चाचपायला लागला. मग मॉरीन उठली. "जेवलास, आता तुला आमच्याकडून भीती नाही. पण जिला विसरलास तिच्या रक्ताचा हिशोब माझ्या लेकीसमोर मांडू नकोस. जा."

माझ्या लेकीसमोर! ती गार्गीबद्दल बोलत होती. ट्रक गेला आणि मी भोकाड पसरून रडले.

घरी येऊन अण्णांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता तरी विरघळतील. त्यांनी टीव्ही बंद केला. मग विचारलं, "त्याला आजीचं नाव सांगता आलं नाही?"

"नाही."

उठून खोलीत गेले. त्या संध्याकाळी चहासुद्धा घेतला नाही.

* * *

आणि आता हा शेवटचा. हा मी चहाला एकदाच सांगितलाय.

ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांच्यात पितरांचा दिवस असतो. त्या दिवशी नवी सून चुलीपाशी आणतात. तिच्या घरच्या सर्वात वडीलधाऱ्यानं तिला हाताला धरून आणायचं आणि तिच्या कुळातल्या गेलेल्या बायकांना नावानं बोलवायचं, तरच ती घरची. अण्णा म्हणाले, "गाडीत बसेन. उतरणार नाही." तेवढंच सही म्हणून आम्ही त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि खिडकी खाली करून ठेवली.

मॉरीनच्या मागच्या अंगणात विस्तव पेटवलेला. दिवस मावळत होता. बाजूला एक पानं मांडलेलं टेबल, गेलेल्या माणसांसाठी. एका ताटात पाव आणि सासूबाईंच्या आवडीची म्हणून मी केलेली भोपळ्याची घारगी. गार्गी एकटीच उभी राहिली. सारखी गाडीकडे बघत होती.

मॉरीननं विचारलं, "तुझी आजी कोण?"

"सुमती," गार्गी म्हणाली.

"हे तिच्या आईनं ठेवलेलं?"

गार्गीनं माझ्याकडे बघितलं. आणि मला घाम फुटला. लग्नात तांदळावर अंगठीनं लिहितात ते नाव सुमती. त्याच्या आधीचं? मी सुधीरला कोपर मारलं. तो पांढराफटक पडला. "मामा लोक ताई म्हणायचे," तो कुजबुजला. "अण्णा तर 'ऐकलंस का' म्हणायचे." पोटचा मुलगा! त्या ट्रकवाल्यात आणि आमच्यात काय फरक राहिला?

"आम्ही थांबू," मॉरीन म्हणाली. सगळे थांबले. 

गाडीचं दार वाजलं.

अण्णा काठी टेकत गवतावरून आले. वाटेत चपला काढल्या. गार्गीचा हात धरून तिला विस्तवापाशी नेलं आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "यमू."

सगळी जमात एका आवाजात ओरडली, "यमू!" त्यांच्या पद्धतीप्रमाणे पुन्हा एकदा, मग पुन्हा. टेक्सासच्या त्या अंगणात नर्स, शिक्षक, इन्शुरन्सवाला, सगळे माझ्या सासूला हाक मारत होते, ज्या नावानं तिला तिच्या सासरी कोणीही हाक मारली नव्हती.

"कोणी नसलं की मी हाक मारायचो," अण्णा म्हणाले.

मग ते टेबलापाशी गेले. तिच्या ताटासमोरची खुर्ची ओढून बसले आणि घारगीचा तुकडा मोडला. सुधीर घाबरून पुढे झाला, "अण्णा, ते खायचं नसतं!"

अण्णांनी तुकडा तोंडात टाकला.

"जन्मभर ती माझ्या ताटात जेवली," ते म्हणाले.

मॉरीननं सुधीरचा दंड धरून त्याला मागे ओढलं, आणि पाण्याचा पेला अण्णांच्या हाताशी नेऊन ठेवला.